कंपोझिटची झीज मोजताना नुसतं पिनचं वजन करून थांबू नका

ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण टाकून कंपोझिट (मिश्र पदार्थ) बनवलं की झीज कमी होते हे सगळ्यांना पाठ असतं, पण पिन-ऑन-डिस्क टेस्ट (कंपोझिटची छोटी पिन फिरत्या स्टीलच्या डिस्कवर लोड देऊन दाबून घासायची) करताना बरेच जण पिनचं वजन घेतात आणि डिस्ककडे ढुंकूनही बघत नाहीत. कण एवढे कडक की समोरचं स्टीलच खरवडून निघतं, आणि ते लोखंड पिनवर येऊन चिकटतं, म्हणजे पिनचं वजन खरं घटलं त्यापेक्षा कमी घटल्यासारखं दिसतं.

आधी पिनची तयारी. टोक हातात धरून घासू नका, गोल होतं, मग पहिली काही मिनिटं काठच झिजत राहतो. डिस्कवर एमरी पेपर चिकटवा, पिन होल्डरमध्ये लावा आणि हळू फिरवून टोक सपाट बसवा. नंतर ॲसिटोनमध्ये अल्ट्रासोनिक क्लीनिंग कराच, कारण बेस अलॉय (ज्यात कण टाकलेत तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) मऊ असतो, पेपरचे कण त्यात रुतून बसतात (आणि पेपरवरचे कणही बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइडचेच, मग नंतर ओळखणार कसे!). वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर, पूर्ण वाळल्यावर. डिस्कचा रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) ०.८ मायक्रॉनच्या आत ठेवा, आणि प्रत्येक पिनला नवा ट्रॅक.

आता हिशोब. ट्रॅकचा व्यास १०० मिमी आणि स्पीड १ मीटर/सेकंद हवा तर साधारण १९१ आरपीएम लागतात, १००० मीटरला १६ मिनिटं ४० सेकंद. समजा २० न्यूटन लोडवर वजन ५.६ मिलिग्रॅम घटलं. २० टक्के (आकारमानाने) कण असलेल्या कंपोझिटची घनता साधारण २.८ ग्रॅम/घनसेमी, म्हणजे २ घनमिमी झीज. तिला लोड आणि अंतराने भागलं की ०.०००१ घनमिमी प्रति न्यूटन-मीटर. साध्या अलॉयशी तुलना करायची तर असं आकारमानातच करा, कारण त्याची घनता २.७ च्या आसपास असते, नुसत्या मिलिग्रॅमची तुलना चुकते. सुरुवातीचा रनिंग-इनचा (दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसेपर्यंतचा) भाग सोडा, मधेमधे वजन घेऊन झीज आणि अंतराची जी सरळ रेषा मिळते तिचा उतार धरा.

लोड वाढवत नेताना खाली पडणारा चुरा बघत रहा, मला तर आकड्यांपेक्षा तोच जास्त बोलका वाटतो. काळपट बारीक पावडर असेल तर झीज सौम्य आहे, चमकदार धातूच्या पापड्या पडायला लागल्या की गंभीर झीज सुरू झाली, आणि त्या लोडनंतर झीजेचा ग्राफ एकदम वर उसळतो. कमी लोडवरच झीज जास्त येत असेल तर कास्टिंगवर संशय घ्या, कणांचे गठ्ठे, पोरॉसिटी (आतली बारीक छिद्रं) किंवा कण आणि अलॉयमधली कच्ची पकड असली की कण उपटून निघतात आणि मधे अडकून दोन्ही बाजू खरवडतात, मग हार्डनेस कितीही चांगला आलेला असो.

शेवटी डिस्कच्या ट्रॅकवर आडवा प्रोफाइलोमीटर (पृष्ठभागाचा चढउतार मोजणारं यंत्र) फिरवा, तीन-चार जागी. खाचेचं सरासरी क्षेत्रफळ ०.०१ चौमिमी आलं तर गुणिले ट्रॅकचा परीघ ३१४ मिमी, म्हणजे डिस्कची झीज ३.१४ घनमिमी, पिनपेक्षा दीडपटीहून जास्त. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.