डिजिटल पात्र घडवायचं काम: ठाण्यातून शिकलेलं थोडं

ठाण्यात या कामाला गिऱ्हाईक आहे, हे आधी सांगते. राम मारुती रोडवरची साड्यांची दुकानं, नौपाड्यातले क्लासेस, घोडबंदर रोडचे बिल्डर, सगळ्यांना इन्स्टाग्रामवर सतत दिसणारा एक ओळखीचा चेहरा हवा असतो. दर आठवड्याला मॉडेल, फोटोग्राफर आणि मेकअप एवढा खर्च झेपत नाही. मग विचारणा येते, "ताई, एआयने एक बाई बनवून द्या ना, आमच्याच दुकानातली वाटेल अशी." सुंदर बाईचं एक चित्र आज कुणीही काढतं. तीच बाई शंभराव्या चित्रातही तीच दिसली पाहिजे, आणि पैसे मिळतात ते त्याचे.

त्यासाठी लोरा, म्हणजे चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलला जोडायची छोटी फाइल, शिकवावा लागतो. स्टेबल डिफ्यूजन हे असं एक मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये खुलं झालं, जुलै २०२३ मध्ये त्याची एसडीएक्सएल आवृत्ती आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फ्लक्स हे वेगळं मॉडेल. अशी मॉडेलं मुळापासून शिकवणं आपल्या आवाक्यातलं नाही. लोरामध्ये मूळ मॉडेल तसंच ठेवतात आणि शेजारी एक छोटी फाइल शिकवतात. चित्र काढताना ती मॉडेलवर चढवली की आपलं पात्र उतरतं. ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये भाषेच्या मॉडेलांसाठी मांडली होती, चित्रवाल्यांनी ती उचलली. एसडीएक्सएलच्या लोराला १२ जीबी व्हीरॅमचं (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) ग्राफिक्स कार्ड पुरतं, फ्लक्सला २४ जीबी असलं तर बरं. पण कामं हातात येईपर्यंत कार्ड विकत घेऊ नका, ते ऑनलाइन तासाच्या भाड्याने मिळतं. शिकवायला कोह्या आणि चित्रं काढायला कम्फीयूआय, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. बटणं कुठली दाबायची हे व्हिडिओ पाहून दोन संध्याकाळींत जमतं. खरं काम त्याच्या आधी आहे.

पहिला प्रश्न: चेहरा कुणाचा? स्वतःचा, लेखी संमती दिलेल्या व्यक्तीचा किंवा पूर्ण काल्पनिक. चौथा पर्याय नाही. पाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुलींचे फोटो इन्स्टाग्रामवर ढिगाने असतात, आणि "त्यातलेच घ्या की" असं गिऱ्हाईक सहज म्हणतं. नाही घ्यायचे. त्या मुली यात्रेला आल्या होत्या, तुमच्या दुकानाच्या जाहिरातीला नाही. नामवंतांच्या चेहऱ्याकडे तर वळूच नका. अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज विनापरवानगी वापरायला दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्येच मनाई केली आहे, आणि त्यात एआयने केलेली नक्कलही येते.

काल्पनिक चेहरा करायचा तर आधी पुष्कळ चित्रं काढायची, त्यातली एकमेकींशी जुळणारी निवडायची, त्यांवर कच्चा लोरा शिकवायचा, त्यातून पुन्हा चित्रं काढून पुन्हा निवडायची. दर फेरीत कातडी जास्त गुळगुळीत होत जाते, म्हणून दोन फेऱ्यांच्या पुढे मी जात नाही. संमती असलेली खरी व्यक्ती मिळाली तर मी तिलाच पसंती देते. खऱ्या चेहऱ्यात जी किंचित असमानता असते, ती मॉडेलला स्वतःहून सुचत नाही.

वीस ते तीस फोटो पुरतात, पण ते वेगवेगळे हवेत. खिडकीचा उजेड, ट्यूबलाइट, तलावपाळीवरचं संध्याकाळचं ऊन, समोरून, बाजूने, हसताना, कंटाळलेली, कपडेही बदललेले. एकाच दिवशी एकाच भिंतीपुढे काढलेले चाळीस फोटो कुचकामी, कारण मॉडेल ती भिंतसुद्धा चेहऱ्याचा भाग समजून शिकतं.

आता कॅप्शन. नवशिके इथेच घाई करतात. प्रत्येक फोटोसोबत इंग्रजीत वर्णनाची एक फाइल लागते, आणि तिच्यात पात्राची खूण म्हणून एक निरर्थक अक्षरजुळणी. खरं नाव टाळा. पात्राचं नाव माया ठेवलंत, तर त्या शब्दाला मेक्सिकोतली माया संस्कृती आधीच चिकटलेली असू शकते. नियम ऐकायला उलटा वाटतो: जे पुढे बदलता यायला हवं ते लिहायचं, जे कायम राहायला हवं ते लिहायचं नाही. साडीचा रंग, केसांची ठेवण, मागची जागा लिहा. गालावरचा तीळ लिहू नका, म्हणजे तो त्या खुणेच्या शब्दातच मुरतो. आपोआप कॅप्शन लिहिणारी साधनं आहेत, पण त्यांना नऊवारी कळत नाही.

मूळ मॉडेललाही कळत नाही. 'भारतीय स्त्री, पारंपरिक वेश' असं लिहा, बहुतेक वेळा लेहंगा आणि भांगात बिंदी येते. नऊवारी मागितली तर साधी पाचवारी येते, काष्टा गायब. नथीच्या जागी नाकात गोल रिंग, चंद्रकोरीच्या जागी ठिपका, मंगळसूत्राच्या दोन वाट्यांऐवजी एक लोलक. हे शब्द वाढवून सुटत नाही, फोटोंनीच शिकवावं लागतं. मी नेसणीचा लोरा चेहऱ्यापासून वेगळा ठेवते. त्यात काष्टा मागून, बाजूने आणि चालताना दिसणारे फोटो, नथीचे आणि अंबाड्यावरच्या गजऱ्याचे जवळून काढलेले. त्या फोटोंत वेगवेगळ्या बायका असाव्यात, नाहीतर नेसणीसोबत त्यांचा चेहराही शिकला जातो. संमती त्यांचीही लागते. नंतर दोन्ही लोरा एकत्र चढवायचे. ठाण्याच्या गिऱ्हाइकाला हाच फरक दिसतो. कुठल्याही परदेशी साइटवरून मिळणारी 'इंडियन' बाई त्याला नको असते.

शिकवताना आकड्यांचा बाऊ नको. पंचवीस फोटो, प्रत्येकी दहा वेळा, आठ फेऱ्या म्हणजे बॅच एक (एका वेळी एकच फोटो) धरून शिकवण्याच्या दोन हजार पायऱ्या. सुरुवात म्हणून ठीक. प्रत्येक फेरीची फाइल जपून ठेवा आणि एकाच सीडवर (चित्राची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यावर) सगळ्यांची तुलना करा. शेवटची फेरी सर्वांत चांगली निघेलच असं नाही. तेच हसू पुन्हापुन्हा येतंय, 'पावसात छत्री घेऊन' सांगूनही शिकवतानाच्या फोटोतलीच जागा येतेय, तर मॉडेलने पाठांतर केलंय. आधीची फेरी घ्या किंवा वापरताना लोराचा जोर १ वरून ०.८ वर आणा.

साडीच्या दुकानाचं काम घेताना एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करा. पैठणीचा पदर एआयकडून काढून घेऊ नका. मुनिया आणि बांगडी मोर वितळतात, नारळी काठ मध्येच वेगळा होतो, आणि अस्तित्वातच नसलेली साडी दाखवून गिऱ्हाईक बोलावणं ही फसवणूक आहे. विक्रीच्या साडीचा फोटो खराच हवा. पात्र सणाच्या शुभेच्छांना, नेसणीच्या टिपांना, गप्पांना वापरा. दुकानवाल्या काकांना हे पटायला वेळ लागतो, पण एकदा साडी परत आली की पटतं.

पात्र लोकांसमोर ठेवताना ते एआयने केलेलं आहे, हे खात्याच्या ओळखीतच (बायोत) लिहा. खरं वाटेल असं एआय दृश्य तसं जाहीर करणं यूट्यूबने मार्च २०२४ पासून बंधनकारक केलंय. आणि लोराची फाइल सार्वजनिक साइटवर टाकायची का? काल्पनिक चेहरा असेल तर मूळ मॉडेलचा परवाना पाहून ठरवा. फ्लक्सच्या डेव्ह आवृत्तीचा परवाना गैरव्यावसायिक आहे, श्नेल आवृत्तीचा खुला. खऱ्या व्यक्तीचा चेहरा असेल तर फाइल कधीच टाकू नका. ती ज्याच्या हाती जाईल तो त्या बाईला कुठल्याही वेशात, कुठेही दाखवू शकतो, आणि एकदा उतरवून घेतलेली फाइल परत मागता येत नाही. दुसऱ्यांचे लोरा वापरताना सेफटेन्सर्स प्रकारच्याच फाइली घ्या, जुन्या सीकेपीटी फाइलींत घातक कोड लपवता येतो.

दर ठरवताना शिकवण्याचे वेगळे आणि महिन्याच्या चित्रांचे वेगळे लावा, नाहीतर 'अजून चारच काढून द्या' संपत नाही. करारात तीन मुद्दे हवेतच: फाइल कुणाकडे राहील, पात्र दुसऱ्या धंद्याला वापरता येईल का, आणि चेहरा देणाऱ्या व्यक्तीने संमती मागे घेतली तर फोटो आणि लोरा किती दिवसांत पुसायचे. तिसऱ्या मुद्द्यावर गिऱ्हाईक कुरकुरतं. त्यावर सही झाल्याशिवाय मी फोटो काढायला जात नाही.