मूळपुरुष समुद्रापलीकडचा: न्यू इंग्लंडच्या पहिल्या इंग्रज वसाहतकऱ्याची वंशावळ कशी लावावी

८ एप्रिल १६३७. इंग्लंडच्या ग्रेट यार्मथ बंदरातल्या नोंदवहीत एक कुटुंब उतरलं आहे: नॉर्विचचा विणकर फ्रान्सिस लॉज, वय ५७, बायको लिडिया, वय ४९, मुलगी मेरी, आणि दोन नोकर, त्यांतला एक सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८. न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, जाऊन राहण्याची इच्छा. हा ‘लिंकॉर्न’ म्हणजे सॅम्युएल लिंकन, अब्राहम लिंकनचा मूळपुरुष. नॉरफोकमधल्या हिंगहॅम गावच्या चर्चच्या वहीत त्याचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२चा आहे. त्या हिशेबाने जहाजावर चढताना त्याला पंधरावंही पूर्ण झालं नव्हतं. आडनाव वेगळं, वय तीन-चार वर्षांनी फुगवलेलं, आणि तरीही माणूस तोच.

उलटही होतं. नाव अगदी तंतोतंत, वय बरोबर आणि माणूस मात्र भलताच. वंशावळ लावणाऱ्याचं खरं काम नाव शोधण्याचं नसून ‘हा तोच कशावरून?’ याचं उत्तर देण्याचं आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत सून किंवा जावई बोस्टनकडच्या जुन्या घराण्यातला असेल, तर नातवंडांच्या आईकडच्या किंवा बापाकडच्या बाजूला हे काम कधी ना कधी समोर येतंच.

सुरुवात खालून

कोणी म्हणेल, १६२०च्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरच्या १०२ प्रवाशांत आमच्या आडनावाचा एकजण होता, तिथूनच खाली येऊ. असं करू नका. आपल्याला हव्या त्याच आडनावाशी येऊन पोचेपर्यंत वाट वाकवली जाते. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जा, आणि प्रत्येक पिढीत ‘अमुक हा तमुकचा मुलगा’ असं सांगणारा निदान एक कागद हातात आल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

१८५०पर्यंतचा रस्ता सोपा आहे. त्या वर्षीच्या अमेरिकी जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव पहिल्यांदा आलं. त्याआधी, १७९० ते १८४०, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची वयोगटानुसार नुसती डोकी. आणखी एक गोची: १८५०च्या यादीत नातं लिहिलेलं नाही, तो रकाना १८८०ला आला. एका घरात राहणारी लहान मुलं यजमानाचीच असतील असं धरून चालू नका. पोरक्या पुतण्या-भाच्यांना सांभाळणारी घरं पुष्कळ होती.

खरा कस लागतो तो १७००च्या आसपासपासून १८५०पर्यंत. मुलं जमिनीच्या शोधात पश्चिमेला सरकत गेली, आणि प्रत्येक स्थलांतरात धागा तुटतो. लिंकनांचंच बघा: मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी. अब्राहम लिंकनला स्वतःला आजोबांच्या पलीकडे फारसं माहीत नव्हतं. १८५९च्या आत्मवृत्तात तो लिहितो की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडण्याच्या खटपटीतून मॉर्डेकाय, अब्राहम, एनॉक अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागलं नाही. नातं खरं होतं. मधले कागद तेवढे कोणी जोडले नव्हते.

हा तुटलेला धागा बहुधा खरेदीखतात सापडतो. गाव सोडून गेलेला माणूस जुनी जमीन विकतो तेव्हा दस्तात ‘पूर्वी अमुक गावचा, हल्ली राहणार तमुक’ असं लिहिलेलं असतं. म्हणून दोन्ही गावांचे दस्त बघा, आणि घेणाऱ्यांच्या सूचीइतकीच विकणाऱ्यांची सूचीही वाचा. वडिलोपार्जित जमीन भावंडं मिळून विकतात तेव्हा बहिणी, त्यांचे नवरे आणि त्यांची गावं एकाच कागदावर येतात. मॅसॅच्युसेट्सचे जमिनीचे आणि वारशाचे कागद फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. नावाच्या शोधात काही आलं नाही म्हणजे कागद नाही असं नव्हे. सूची न झालेल्या खंडांची पानं एकेक करून चाळावी लागतात.

वसाहतीतले कागद

मॅसॅच्युसेट्सने १६३९मध्येच जन्म, लग्नं आणि मृत्यू नोंदवायचा हुकूम काढला. पाळला मात्र गावागणिक वेगवेगळा. १८५०पर्यंतच्या या नोंदी बऱ्याच गावांच्या छापील खंडांत वर्णानुक्रमे मिळतात. नोंदीपुढची छोटी खूण वाचायला विसरू नका: चर्चची वही, थडग्याचा दगड की कोणाचा खासगी कागद, हे तिच्यावरून कळतं आणि विश्वास किती ठेवायचा तेही. दगडाचं तर विशेष बघा. पहिल्या पिढीच्या थडग्यांवर दगड क्वचितच होता; आज दिसणारे पुष्कळसे स्मारकदगड वंशजांनी १९व्या शतकात किंवा नंतर उभारले आहेत, आणि त्यांच्यावरची जन्मतारीख त्या वंशजांच्या समजुतीची आहे.

त्यानंतर ‘फ्रीमन’ची यादी. १६३१ ते १६६४ या काळात मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत मताचा हक्क मिळवायला चर्चचं सदस्यत्व लागायचं. म्हणजे यादीतल्या तारखेला हा पुरुष सज्ञान होता आणि कुठल्यातरी चर्चचा सभासद होता, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या. आता त्या चर्चची वही उघडा.

मृत्युपत्र सापडलं की वंशावळ झाली असं वाटतं, आणि फसगत तिथेच होते. ज्या मुलाला बापाने हयातीत जमीन देऊन वेगळं केलं, त्याचं नाव मृत्युपत्रात नसतं किंवा नुसतेच पाच शिलिंग लिहिलेले असतात. तो मेला नव्हता आणि बेदखलही नव्हता. मृत्युपत्र न करता माणूस गेला असेल तर वाटणीचा हिशेब तपासा: थोरल्याला दुप्पट वाटा मिळायचा, त्यामुळे पाच मुलं असतील तर सहा वाटे पडतात. दुप्पट वाटा कोणाला गेला यावरून थोरला कोण ते कळतं.

बायकोचं माहेर या साऱ्यात सर्वांत अवघड. लग्नाच्या नोंदी गहाळ असतात आणि दस्तात तिचं फक्त पहिलं नाव. तिचा बाप शोधायचा तर नवऱ्याच्या शेजाऱ्यांची मृत्युपत्रं वाचा. ‘माझी मुलगी हॅना, अमक्याची बायको’ हे वाक्य तिथेच असतं.

नात्यांचे शब्द आजच्या अर्थाने वाचू नयेत. १७व्या शतकात ‘कझिन’ म्हणजे बहुधा पुतण्या, भाचा किंवा भाची. ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सासू किंवा सावत्र आई. ‘माझी सध्याची बायको’ असं लिहिलं म्हणजे आधी एक होऊन गेली असं नाही; ती वकिली भाषा आहे.

एका गावात चार थॉमस

मॅसॅच्युसेट्समध्येही हिंगहॅम वसलं आणि तिथे एकाच काळात चार थॉमस लिंकन नांदत होते. गावच्या कारकुनाने त्यांना धंद्यावरून वेगळं केलं: थॉमस विणकर, थॉमस पिंपवाला, थॉमस गिरणीवाला, थॉमस शेतकरी. विणकर थॉमस सॅम्युएलचा भाऊ. एका थॉमसची मुलं दुसऱ्याच्या मुलांत मिसळली की संपूर्ण फांदी चुकीच्या झाडाला लागते.

अशा वेळी एक मोठा कागद घ्या, प्रत्येक थॉमससाठी एक उभा रकाना आखा, आणि प्रत्येक नोंद तारीखवार एकाच रकान्यात टाका: धंदा, बायकोचं नाव, जमिनीच्या चतुःसीमा, साक्षीदार. चतुःसीमा फार उपयोगी. ‘पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचं शेत’ हे वर्णन बाप मेल्यावर मुलाच्या दस्तात जवळपास तसंच उतरतं. जी नोंद कुठल्या रकान्यात टाकायची ते ठरत नाही, ती बाजूला ठेवा. जबरदस्तीने बसवलेली एक नोंद पुढच्या दहा नोंदींना ओढून नेते.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ यांनाही फसू नका. काका-पुतण्या असोत की नुसते नावबंधू, गावात वयाने मोठा तो सीनियर. तो वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर. शिवाय मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती, त्यामुळे एकाच बापाची दोन सॅम्युएल मुलं बघून दोन बाप कल्पू नका.

तारीख आणि अक्षर

आपल्याला शके आणि इसवीचा मेळ घालायची सवय आहे; इथेही तेच करावं लागतं. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९चा म्हणतो. तेव्हाच्या कागदात तो १६४८. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख १६४८/४९ अशी दुहेरी लिहावी. प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे, लोक महिन्यांना आकडे देत: पहिला महिना मार्च, बारावा फेब्रुवारी. ‘१२वा महिना’ वाचून डिसेंबर लिहिलं की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मतं आणि नसतं लफडं उभं राहतं. १७५२च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ आली, हेही लक्षात असू द्या.

अक्षर ‘सेक्रेटरी’ वळणाचं. मोडी पहिल्यांदा हातात घेतल्यावर जसं होतं तसंच: पहिले दोन दिवस काही लागत नाही, मग एकेक अक्षर उलगडतं. त्यातला ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा दिसतो. शब्दाच्या सुरुवातीला दोन ‘एफ’ म्हणजे नुसता मोठा ‘एफ’. लांब ‘एस’ आणि ‘एफ’ यांत घोळ होतो. रोमन आकड्यातला शेवटचा ‘आय’ शेपूट काढून ‘जे’सारखा लिहितात. ज्या लेखनिकाचं पान आहे त्याचीच महिन्यांची आणि ओळखीची नावं आधी वाचा, त्यावरून त्याची बाराखडी कागदाच्या कडेला मांडा, मग अडलेला शब्द सोडवा.

समुद्रापलीकडे

१६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० माणसं न्यू इंग्लंडला आली आणि त्यांतल्या बहुतेकांची जहाजनोंद शिल्लक नाही. म्हणून यादीत नाव नसलं तरी हताश होऊ नका, आणि असलं तरी हुरळून जाऊ नका. इंग्लंडमधलं गाव शोधायची वाट सोबत्यांकडून जाते. लोक एकेकटे कमी आले. पाद्र्याच्या मागे, नातेवाइकांबरोबर, एकाच परगण्यातून घोळक्याने आले. आपल्या माणसाचं गाव लागत नसेल तर त्याचे शेजारी, साक्षीदार आणि मालक यांची गावं शोधा. फ्रान्सिस लॉजचं नॉर्विच माहीत झालं की आसपासच्या पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दी) तपासायच्या, आधी पाच मैलांतल्या, मग पंधरा मैलांतल्या. फॅमिलीसर्चच्या १८५१च्या नकाशावर शेजारच्या पॅरिश दिसतात.

पॅरिशच्या वह्या १५३८पासून आहेत, पण सगळीकडे टिकलेल्या नाहीत. १५९८पासून बिशपकडे दर वर्षी नक्कल जायची. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर ती नक्कल बघा. १६४२ ते १६६०च्या यादवीच्या काळात मोठी पोकळी पडते, मात्र आपला माणूस बहुधा त्याआधीच निघालेला असतो.

बाप्तिस्मा सापडला? आता तो खोटा ठरवायचा प्रयत्न करा. त्याच वहीत पुढच्या वर्षांतली दफनं वाचा: हे बाळ तान्हेपणीच तर गेलं नाही ना? मग लग्नं वाचा: वसाहतीत असायला हवा तो माणूस १६४५ला इंग्लंडमध्येच बोहल्यावर उभा तर नाही ना? यातून निभावलं तरच उमेदवार जिवंत. शेजारच्या पॅरिशमधला त्याच नावाचा दुसरा मुलगाही या चाचणीतून न्या.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे मागे राहिलेल्या नातेवाइकाचं मृत्युपत्र: ‘न्यू इंग्लंडमधल्या माझ्या भावाला दहा पौंड’. कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टाची, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ न्यायालयाची, १३८४ ते १८५८ची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि संगणकावर बघता येतात. साध्या शेतकऱ्या-विणकऱ्यांची मृत्युपत्रं बहुधा स्थानिक चर्चच्या न्यायालयांत असतात. नॉरफोकची नॉर्विचमधल्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसात. आडनाव वेगळं असलेल्या मामा-मावशीचं मृत्युपत्रही वाचा. धागा अनेकदा तिथूनच लागतो.

व्हर्जिनियात रीत निराळी. १६१८पासून माणूस आणणाऱ्याला डोईमागे ५० एकर जमिनीचा हक्क मिळायचा. त्या हक्कावर मिळालेल्या जमिनीच्या सनदेची तारीख म्हणजे येण्याची तारीख नव्हे; हक्क वर्षानुवर्षं पडून राहायचे, विकले जायचे, एकाच माणसावर दोनदा मागितले जायचे. १६२४/२५च्या शिरगणतीत मात्र जहाज आणि येण्याचं वर्ष पुष्कळांपुढे लिहिलेलं आहे. सनदांचे कागद रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात.

छापील वंशावळींबद्दल

बोस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी १८४५पासून हेच काम करते, आणि तिचा ‘ग्रेट मायग्रेशन’ प्रकल्प १६२० ते १६४० दरम्यान आलेल्यांसाठी पहिला बघायचा. तिथे मूळगाव ‘अज्ञात’ लिहिलं असेल आणि महाजालावरच्या झाडात मात्र सरदाराचा किल्ला दिसत असेल, तर किल्ला सोडा. गुस्ताव्ह आंजू नावाच्या इसमाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकल्या. खऱ्या नोंदींत चार खोट्या मिसळायची त्याची पद्धत होती, आणि त्या खोट्या आजही एका झाडातून दुसऱ्यात चिकटवल्या जातात. मृत्युपत्राचा खंड आणि पान दिलेलं असेल तर ते पान उघडून बघा.

डीएनए चाचणीकडून भलत्या अपेक्षा नकोत. बारा पिढ्यांमागे कागदावर ४,०९६ पूर्वज होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा अंशही साध्या चाचणीत उरत नाही. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्र मात्र टिकतो. मूळपुरुषाच्या दोन वेगळ्या मुलांपासून पुरुषवंशाने उतरलेले दोन हयात पुरुष शोधा, दोघांची वाय चाचणी करा. जुळली तर दोन्ही फांद्यांचे मधले कागद बहुधा बरोबर. नाही जुळली तर चूक कुठल्या फांदीत आहे हे कळायला तिसरा पुरुष लागेल, तिसऱ्या मुलाच्या वंशातला.