ब्रेक लाइट घरीच बदलताना: बल्ब आणण्याआधी दिवे मोजा

इंदूरमध्ये पलासियाच्या सिग्नलवर मागून एखादा स्कूटरवाला काचेवर टकटक करून म्हणतो, "भिया, ब्रेक लाइट नी जल री," तेव्हा बहुतेकांना कळतं. स्वतःच्या गाडीचा ब्रेक लाइट ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही, त्यामुळे तो कधी गेला हे सांगणंही कठीण. पण लगेच छोटी ग्वालटोलीकडे बल्ब आणायला धावू नका. निम्म्या चुका तिथेच होतात.

संध्याकाळी अंधार पडू लागला की गाडी भिंतीकडे पाठ करून हात-दीड हातावर उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंतीवर लाल उजेड किती ठिकाणी पडतो ते मोजा. दिवसा एकट्याने तपासायचं असेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून मागे जाऊन बघता येतं. बहुतेक गाड्यांत चावी बंद असली तरी ब्रेक लाइट लागतो, काहींत मात्र चावी चालू करावी लागते.

एकाच बाजूचा दिवा बंद असेल तर बल्ब किंवा त्याचा होल्डर. दोन्ही बाजूंचे बंद, पण मागच्या काचेजवळचा तिसरा चालू, असं दिसलं तर फ्यूज आणि स्विच सहसा ठीक असतात. एक बल्ब आधीच गेलेला असतो आणि दुसरा गेल्यावरच लक्षात येतं. तिन्ही बंद असतील तर बल्ब बदलून काही होणार नाही. फ्यूज नाहीतर पेडलजवळचा स्विच बघा. आणि ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटरही मंद पेटत असेल, तर अर्थिंग गेलं आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो.

आता बल्ब. काचेचा गोल बल्ब आणि पितळी टोपी असलेल्या साध्या दिव्यात ब्रेक आणि पार्किंग (रात्री मंद जळणारा मागचा लाल दिवा) बहुतेकदा एकाच बल्बवर चालतात. त्याला दुकानात डबल फिलामेंट किंवा डबल कॉन्टॅक्ट म्हणतात. टोपीवर १२ व्होल्ट, २१/५ वॅट असं कोरलेलं असतं. २१ वॅटची तार ब्रेकची, ५ वॅटची पार्किंगची. टोपीच्या दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या असतात आणि खरी मेख तिथेच आहे: या बल्बच्या खुंट्या एका उंचीवर नसतात, एक काचेकडे आणि दुसरी जराशी खाली. सिंगल फिलामेंटच्या २१ वॅट बल्बच्या खुंट्या समोरासमोर, एकाच उंचीवर असतात. म्हणून जुना बल्ब काढून खिशात घालूनच दुकानात जा. नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर मॉडेलच्या वर्षानुसार चुकीचा बल्ब हातात पडू शकतो. काही गाड्यांत पितळी टोपीच नसते, खाली चपटी काच असलेला बल्ब सरळ खेचून निघतो. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला. चहा-पोह्यांच्या खर्चात काम होतं, आणि बरोबरीचा जोडीदार फार दिवस टिकत नाही.

काढायचं कसं? दिवे बंद, चावी बाहेर, आणि नुकतीच गाडी चालवली असेल तर दहा मिनिटं थांबा, बल्ब चटका देतो. बऱ्याच हॅचबॅकमध्ये डिक्की उघडली की दिव्याच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसतात: फुलीचा पेचकस किंवा दहा नंबरचा पाना. सेडानमध्ये डिक्कीतलं कार्पेट बाजूला करून प्लास्टिकचे फुलपाखरी नट हाताने सोडवायचे. स्क्रू काढल्यावर दिवा लगेच सुटत नाही, कारण बाहेरच्या कडेला प्लास्टिकच्या खुंट्या बॉडीत रुतलेल्या असतात. बंपरच्या कडेवर कागदी टेप लावा, दिव्याची बाहेरची कड पंजाने धरा आणि सरळ मागे, आपल्याकडे ओढा. तिरका पिळला तर खुंटी तुटते, आणि पुढे दिवा कायम खडखडत राहतो. डिसेंबरच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं. त्यापेक्षा उन्हात उभ्या गाडीचं काम सोपं जातं.

होल्डर घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवला की सुटतो. वायर धरून ओढू नका. बल्ब आत दाबून उलटा फिरवा, मग बाहेर येतो. तो फेकण्याआधी डोळ्यांजवळ धरून बघा. तार तुटलेली किंवा काच आतून काळवंडलेली असेल तर आयुष्य संपलं. काच दुधासारखी पांढरी झाली असेल तर आत हवा शिरली. दोन्ही तारा शाबूत दिसल्या तर दोष बहुधा होल्डरमध्ये आहे आणि नवा बल्ब टाकूनही दिवा लागणार नाही.

होल्डरच्या तळाशी दोन छोटे पत्रे असतात. त्यांवर हिरवा गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून हलक्या हाताने घासा. पत्रे दबून बसले असतील तर बारीक पेचकसाने किंचित वर उचला. प्लास्टिक वितळून पिवळं-तपकिरी झालं असेल, तर होल्डर बदला. तो सैल कॉन्टॅक्टमुळे तापतो आणि नवा बल्बही खाऊन टाकतो.

बसवताना नव्या बल्बची खालची खुंटी होल्डरच्या खोल खाचेत जाते. सहज बसत नसेल तर जोर लावू नका, अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावा. जबरदस्तीने उलटा बसवला तर पार्किंग लाइट भगभगीत लागतो आणि ब्रेक दाबल्यावर जवळजवळ काहीच फरक दिसत नाही. सिंगल फिलामेंटचा बल्ब कोंबला तर त्याहून मजेशीर प्रकार: ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवेही पेटतात, कारण दोन्ही पत्रे आपसात जोडले जातात. स्क्रू आवळण्याआधीच ब्रेक दाबून, मग पार्किंग लावून, मग दोन्ही एकत्र, असं तपासा. शेवटी स्क्रू बेताने आवळा. जास्त आवळल्यावर प्लास्टिकला तडा जातो आणि पावसाळ्यात दिव्यात पाणी साचतं. मागे फोमचं गॅस्केट असेल तर ते दुमडलेलं नाही ना, हेही बघा.

तिन्ही दिवे बंद असतील तेव्हा फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या चित्रात ब्रेकचा फ्यूज शोधा. साधारण १० अँपिअरचा लाल किंवा १५ चा निळा असतो. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा लावा. सिगारेटच्या पाकिटाची पन्नी गुंडाळणारे अजूनही भेटतात. त्यांच्या गाडीत मग फ्यूजऐवजी वायर जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर डिक्कीच्या बिजागरीजवळ वायर घासून उघडी पडली आहे का ते बघा.

फ्यूज ठीक असेल तर ब्रेक पेडलच्या दांडीजवळ लावलेला स्विच बघा. टेस्ट लॅम्पचं (करंट तपासायच्या छोट्या दिव्याचं) एक टोक बॉडीला लावा आणि दुसरं स्विचच्या वायरींना लावून बघा: स्विचच्या एका वायरवर करंट कायम यायला हवा, दुसरीवर पेडल दाबल्यावर. पहिलीवर येतो, दुसरीवर येत नाही, म्हणजे स्विच गेला. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्कमधून (P) निघत नसेल, तर तेही बहुधा याच स्विचचं लक्षण असतं.

उलट, पेडल सोडल्यावरही दिवे चालूच राहिले तर पायाखाली रबराचे तुकडे शोधा. पेडलवर स्विचची खुंटी टेकते तिथे रबराचा छोटा बटणासारखा ठोकळा असतो, तो जुना होऊन चुरा होतो. ठोकळा बदलेपर्यंत बॅटरीची वायर काढून ठेवा: २१ वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर खातात, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी रात्रभरात रिकामी.

एलईडी बल्ब लावायचा असेल तर लाल काचेमागे लालच लावा. पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी असतो, त्यामुळे काचेतून तो फिका पडतो. आणि दिवा कंपनीनेच एलईडीचा दिला असेल तर बल्ब शोधू नका. बहुतेक ठिकाणी पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

जुना बल्ब कचरागाडीच्या ओल्या-सुक्या खान्यात टाकू नका. कागदात गुंडाळून घरगुती घातक कचऱ्याच्या खान्यात द्या, फुटली काच उचलणाऱ्याच्या हातात जाते.