पाणलोटाचं मॉडेल: आधी पाणी जुळवा, मग नत्र-स्फुरद

भूवापर बदलला (उदा. जंगलाचं शेत झालं) तर नदीत पाणी, नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) किती येईल, हे काढायला स्वॅट हे पाणलोटाचं मोफत संगणकी मॉडेल बरंच वापरलं जातं. त्याला उंचीचा नकाशा (३० मीटरचा चालतो), भूवापर, माती आणि रोजचं हवामान लागतं. उंचीच्या नकाशातले खोटे खड्डे आधी भरा, नाहीतर प्रवाह मध्येच तुटतो. मग मॉडेलनं आखलेल्या पाणलोटाचं क्षेत्रफळ नदीवरच्या प्रवाह-मापन केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहा.

अपधाव, म्हणजे पावसाचं जमिनीवरून वाहून जाणारं पाणी, ठरतो मुख्यतः कर्व्ह नंबरवर; हा आकडा जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहून जातं. मध्यम निचऱ्याच्या 'बी' गटातल्या जमिनीवर चांगल्या जंगलाला ५५, सरळ ओळीतल्या पिकाला ७८, काँक्रीटला ९८. पण जंगलाचं शेत दाखवताना एवढाच आकडा बदलून भागत नाही. पेरणी, नांगरट, खत, कापणीचं वेळापत्रकही द्यावं लागतं. नाहीतर मॉडेलच्या हिशेबात तिथे झाडंच पाणी शोषत राहतात.

सर्वांत जास्त घोळ एककांचा होतो. ५० किलो डीएपीत नत्र ९ किलो असतं. स्फुरद मात्र पिशवीवर पेंटॉक्साइड (P₂O₅, स्फुरदाचं ऑक्साइड) म्हणून छापलेलं असतं: २३ किलो. नुसतं स्फुरद हे मूलद्रव्य हवं तर ०.४३६ ने गुणा, म्हणजे सुमारे १० किलो. नायट्रेटचंही तसंच: प्रयोगशाळेचा आकडा नायट्रेटचा असेल तर नत्रासाठी ४.४३ ने भागा. दैनिक भार, म्हणजे नदीतून दिवसाला वाहून जाणारं नत्र किंवा स्फुरद, काढायला मिलिग्रॅम प्रतिलिटर गुणिले घनमीटर प्रतिसेकंद गुणिले ८६.४; उत्तर किलोत येतं.

जुळवणीआधी, म्हणजे मॉडेलचे आकडे मोजलेल्या आकड्यांशी जुळवण्याआधी, २-३ वर्षं मॉडेल नुसतं चालू द्या. सुरुवातीचा ओलावा आणि भूजल स्थिरावू द्या. क्रम मोडू नका: वार्षिक पाणीताळेबंद, मग प्रवाह, मग गाळ, शेवटी नत्र-स्फुरद. कारण सरळ आहे. स्फुरद बहुतांशी गाळाला चिकटून जातं, नायट्रेट विरघळून भूजलातून उशिरा नदीत उतरतं. अपधाव आणि पाझर यांची वाटणी चुकली, तर नायट्रेट जुळलेलं दिसलं तरी चुकीच्या वाटेनं आलेलं असतं. म्हणून पाऊस नसतानाचा प्रवाह वेगळा तपासा. मासिक प्रवाहासाठी नॅश-सटक्लिफ (जुळणी किती चांगली हे सांगणारा आकडा; १ म्हणजे तंतोतंत) ०.५ च्या वर आणि मोजलेल्या व मॉडेलच्या आकड्यांतला एकूण फरक ±२५ टक्क्यांत, हा नेहमीचा निकष. नत्र-स्फुरदाला ±७० टक्के सवलत असते. महिन्याला पाण्याचा एकच नमुना असेल तर पूर निसटतो आणि मोजलेला स्फुरदाचा भारच कमी भरतो. अशा आकड्यांशी मॉडेल ओढूनताणून जुळवू नका.

दोन भूवापरांची तुलना करताना हवामान तेच ठेवा आणि फक्त भूवापर व त्याची मशागत बदला. मोजलेल्या आकड्यांशी जुळणारे अनेक प्राचल-संच (मॉडेलमध्ये बदलता येणाऱ्या आकड्यांचे संच) घेऊन प्रत्येकात दोन्ही भूवापर चालवा. संच बदलताच फरकाचं चिन्ह उलटत असेल (वाढीच्या जागी घट दिसत असेल), तर त्या फरकावरून निर्णय घेऊ नका.