मकरपुऱ्याहून कॅलिफोर्नियाला अर्ज करताना

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करारही होता. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या आम्ही सगळ्यांनी ही गोष्ट शाळेपासून ऐकली आहे, पण कराराशी कोणी थांबत नाही. आमच्या स्टार्टअपसाठी, नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या परदेशी कार्यक्रमांना अर्ज करायला बसले तेव्हा मीही थांबले नाही. रक्कम वाचली आणि अर्ज भरायला घेतला.

आम्ही दोघी, मी आणि माझी वर्गमैत्रीण, कलाभवनच्या, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या. मशीनच्या बेअरिंगजवळ सेन्सर बसवायचा, कंपनं मोजायची आणि बेअरिंग जाण्याआधी फोरमनच्या फोनवर इशारा पाठवायचा, एवढं आमचं काम. पहिल्या अर्जात मात्र आम्ही ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित औद्योगिक परिवर्तनाचा मंच’ असं काहीबाही लिहिलं. नकार आला, कारण कळलं नाही. वाचणाऱ्यासमोर हजारो अर्ज असतात, प्रत्येकाला कारण कळवणं शक्यही नसतं.

वाय कॉम्बिनेटर हा कॅलिफोर्नियातला असाच एक कार्यक्रम. त्याच्या अर्जात तुमची कंपनी काय करते हे ५० अक्षरांत सांगायला लावतात. सगळ्या अर्जात जास्त वेळ याच एका ओळीला द्या. आम्ही ती मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका फोरमनकाकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “हे सगळं ठीक आहे ताई, पण मशीन बंद पडायच्या आधी कळतं, हे कुठे लिहिलंय?” तेच लिहिलं. एका मिनिटाच्या व्हिडिओचंही तसंच. संगीत, ग्राफिक्स काही नको. संस्थापकांनी कॅमेऱ्याकडे बघून आपलं काम सांगायचं, पाठ केलेलं भाषण म्हणायचं नाही.

मुलाखत जेमतेम दहा मिनिटांची. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. घरात आई-बाबा टीव्ही बंद करून बसले होते. पहिलाच प्रश्न आला: पैसे देणारे ग्राहक किती? मैत्रिणीने “तीन वर्कशॉप” म्हणून सांगितलं आणि थांबली. ते थांबणं फार महत्त्वाचं. आधीच्या सरावात आम्ही प्रत्येक उत्तराला शेपूट लावायचो आणि त्यातच वेळ जायचा. उत्तर छोटं असलं की पुढचा प्रश्न खोलात जातो.

आता कराराकडे. वाय कॉम्बिनेटर पाच लाख डॉलर देतं. त्यातले सव्वा लाख कंपनीतल्या सात टक्के हिश्शासाठी असतात. उरलेले पावणेचार लाख ‘सेफ’ नावाच्या करारावर (पैसे आत्ता, शेअर पुढे) येतात आणि त्यांच्या बदल्यात किती हिस्सा जाणार हे तुमचा पुढचा गुंतवणूकदार कोणत्या अटींवर येतो त्यावर ठरतं. म्हणजे सात टक्के हा पूर्ण आकडा नाही. शिवाय भारतात नोंदलेल्या कंपनीला परदेशात मूळ कंपनी काढून भारतातली तिच्याखाली आणावी लागते. गिऱ्हाईक सगळं गुजरातेतलं असताना हा खटाटोप परवडतो का, हे अर्जाआधीच सीएसोबत बसून ठरवा. आमच्या बाबतीत उत्तर ‘आत्ता नाही’ असं आलं.

सगळ्याच कार्यक्रमांत हिस्सा द्यावा लागत नाही. गूगलच्या स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटरमध्ये मार्गदर्शन मिळतं, हिस्सा मागत नाहीत. चिली सरकारच्या ‘स्टार्ट-अप चिली’त २०१० पासून बाहेरच्या देशांतल्या संस्थापकांनाही हिस्सा न घेता पैसे मिळत आले आहेत. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन क्लाउडचे क्रेडिट देतात. त्यातून पगार भागत नाहीत, पण सर्व्हरचं बिल वाचतं. आणि अर्ज करायचा नसला तरी वाय कॉम्बिनेटरचं ‘स्टार्टअप स्कूल’ ऑनलाइन फुकट आहे. आपल्या सरकारने २०२१ साली आणलेल्या सीड फंड योजनेतही नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. ते इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, मिळायचं आणि डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग-प्रोत्साहन विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता आधी लागायची. ही मान्यता पुढेही कामाला येते, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करा.

परदेशी पैसा थेट भारतीय कंपनीत घ्यायचा असेल तर अमेरिकन ‘सेफ’चा कागद जसाच्या तसा चालत नाही. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत बसणारा कागद लागतो, म्हणजे पुढे सक्तीने साध्या शेअरमध्ये रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर किंवा, मान्यताप्राप्त स्टार्टअप असेल तर, किमान २५ लाखांची कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज). शेअर असतील तर पैसे आल्यापासून ६० दिवसांत ते द्यायचे आणि दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा शेअर दिल्याचा फॉर्म भरायचा. पैसे आल्याचा बँकेचा दाखला त्याच आठवड्यात मागा. आम्ही महिनाभर मागितला नाही आणि मग फॉर्मसाठी बँकेत खेटे घातले.

एका कार्यक्रमाने ‘जागतिक गुंतवणूकदारांसमोर’ बोलायला आमच्याकडून फी घेतली. सभागृहात बहुतेक आमच्यासारखेच फी भरलेले संस्थापक होते. पैसे गुंतवणारी जागा अर्जाला पैसे मागत असेल तर तिथून उठा.

शेवटी आम्ही हिस्सा न घेणाऱ्या एका परदेशी कार्यक्रमात गेलो. तिथल्या मार्गदर्शक बाईंची एक अट होती. बैठकीच्या आदल्या दिवशी एक पान पाठवायचं: किती मशीनं, किती वसुली, आणि अडलेला एकच प्रश्न. दुसऱ्याच बैठकीत त्यांनी विचारलं, इशारा पोचल्यावर फोरमन काय करतो? आम्ही ते मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो. फोरमनकाकांच्या फोनवर इशारे न उघडलेलेच पडले होते. इंग्रजीत होते, त्यात कंपनांचे आकडे होते. आम्ही ते गुजरातीत केले, एका ओळीचे: ‘दोन नंबरच्या लेथचं बेअरिंग आज बघा.’ तीन दिवसांनी काकांचाच फोन आला, बेअरिंग काढून ठेवलंय, बघायला या म्हणून.