तक्रार नेमकी कुठे करायची?

नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेला मिक्सर आठवड्यात बंद पडला आणि दुकानदार 'कंपनीला विचारा' म्हणून हात झटकतोय? गप्प बसू नका. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. तिथे मिटलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. तक्रार करायची मुदत 2 वर्षांची. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. माल ऑनलाइन मुंबईहून मागवलेला असला तरी तुम्ही नाशिकला राहता, म्हणून तक्रार इथेच करता येते. हे अनेकांना माहीतच नसतं, आणि नेमकं याच कारणाने लोक नाद सोडतात.

वजनात मारलं किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर वैधमापन शास्त्र विभाग. भेसळीसाठी अन्न व औषध प्रशासन. पेट्रोल कमी वाटलं तर पंपावरच 5 लिटरचं प्रमाणित माप मागा, तो तुमचा हक्क आहे.

बिल मात्र हवंच. मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत बिलावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, तेव्हा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.