विभाजन सूत्र : बिंदू रेषेवरच पडतो, तरी उत्तर चुकतं! या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून एसएसएलसीला (कर्नाटकची दहावीची परीक्षा) बसणाऱ्या मुलांचं विभाजन सूत्र, म्हणजे रेषाखंडाला दिलेल्या गुणोत्तरात विभागणारा बिंदू काढायचं सूत्र, तोंडपाठ असतं. गुण जातात ते कोणता आकडा कोणत्या बिंदूला लावायचा, इथे.

सूत्र म्हणजे साधी भारित सरासरी, म्हणजे ज्याचा भार जास्त त्याला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी. रेषाखंड अब ला प हा बिंदू म : न मध्ये विभागत असेल, तर म ब च्या निर्देशकाला गुणायचा आणि न अ च्या. उलटं का? बेळगाव-खानापूर अंतर हिशेबापुरतं २४ किलोमीटर धरा. बेळगावला ३ भार, खानापूरला १. सरासरी जागा (३×० + १×२४) ÷ ४, म्हणजे बेळगावपासून ६ किलोमीटरवर. तिथून दोन्हीकडची अंतरं ६ आणि १८, म्हणजे १ : ३. भार ३ : १ आणि अंतर १ : ३. जड बाजू बिंदूला जवळ ओढते, एवढं डोक्यात बसलं की सूत्र घोकायला नको.

आता अ(−२, ३), ब(८, −७), गुणोत्तर २ : ३.
क्ष = (२×८ + ३×(−२)) ÷ ५ = २
य = (२×(−७) + ३×३) ÷ ५ = −१
आकडे अदलाबदल झाले तर (४, −३) येतं. गंमत म्हणजे हाही बिंदू त्याच रेषेवर आहे, म्हणून आलेखावर नुसती नजर टाकून चूक पकडता येत नाही. पडताळा अंतरांनी घ्या: −२ पासून २ पर्यंत ४, तिथून ८ पर्यंत ६. ४ : ६, बरोबर. चुकीच्या उत्तरात ६ : ४ निघेल. आणि ऋण संख्येला कंस घालाच. ३×−२ असं लिहिलं की घाईत वजाचं चिन्ह गळतं.

त्रिकोणाच्या मध्यगासंपाताला (तिन्ही मध्यगा जिथे मिळतात तो बिंदू) काहीजण सवयीने २ ने भागतात. तिथे तीन शिरोबिंदूंचे सारखे भार तीन, भागायचं ३ ने.

गुणोत्तरच विचारलं असेल तर क : १ धरा. वरच्याच बिंदूंसाठी क्ष-अक्षावर य शून्य, म्हणून −७क + ३ = ०, गुणोत्तर ३ : ७. पण (२, १) आणि (६, ३) घेऊन य-अक्षाचं गुणोत्तर काढलं, तर क = −१/३ येतो. इथे बरेचजण वजाचं चिन्ह खोडून मोकळे होतात. खोडू नका, ते बरोबर आहे. दोन्ही बिंदू अक्षाच्या एकाच बाजूला आहेत, म्हणजे विभाजन बाह्य (बिंदू रेषाखंडाच्या बाहेर, वाढवलेल्या रेषेवर), १ : ३.